सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअरच ना?

नाही. या एका गैरसमजापायी बऱ्याच धोरणांचा पाया पहिल्याच दिवशी तिरका पडतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा परवाना तुम्हाला चार गोष्टींची मोकळीक देतो: हव्या त्या कामासाठी वापरा, आतला सोर्स कोड (प्रोग्रॅमच्या मूळ लिखित सूचना) वाचून ते कसं चालतं ते समजून घ्या आणि गरजेप्रमाणे बदला, प्रती वाटा, आणि बदललेल्या प्रतीही वाटा. ही व्याख्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पातून घडत गेली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मधलं. ही दोन नावं वापरणाऱ्या गटांची भांडणं तत्त्वाची आहेत, पण खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन्ही नावांनी बहुतेक वेळा तीच सॉफ्टवेअर येतात.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे तिथे घोळ होणं समजू शकतं. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वच्छ शब्द असूनही आपण तो घोळ इमानेइतबारे पुढे चालवला आहे.

सरकारने यात पडायचं कशाला? ज्या खात्याला जे सोयीचं वाटेल ते त्याने घ्यावं.

या प्रश्नाला सर्वांत नेटकं उत्तर पेरूमधून आलं. तिथल्या संसदेत मुक्त सॉफ्टवेअरचं विधेयक मांडलं गेलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पेरू शाखेने आक्षेपांचं लांबलचक पत्र लिहिलं. खासदार एडगर व्हिलानुएवा यांनी एप्रिल २००२ मध्ये त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. सरकारने कोणतं सॉफ्टवेअर चांगलं आणि कोणतं वाईट हे ठरवावं असा त्यांचा आग्रह नव्हता. त्यांनी सरकारची तीन कर्तव्यं मांडली: नागरिकाला सार्वजनिक माहिती विनाअडथळा मिळाली पाहिजे, ती माहिती कायम टिकली पाहिजे, आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता राखली गेली पाहिजे.

आता हे प्रत्यक्षात उतरवून पाहा. जमिनीचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, करांचे हिशेब या गोष्टी पन्नास-शंभर वर्षं वाचता आल्या पाहिजेत. त्या वाचणारा प्रोग्रॅम एकाच कंपनीकडे असेल तर त्या नोंदींचं आयुष्य त्या कंपनीच्या आयुष्याला बांधलं जातं. खासगी दुकानदाराने अशी जोखीम घेतली तर तो त्याचा प्रश्न. सरकार ती नागरिकाच्या वतीने घेत असतं, आणि नागरिकाला दुसऱ्या सरकारकडे जाण्याची सोय नसते.

पेरूत पुढे काय झालं? २००५ मध्ये कायदा झाला, पण मूळ विधेयकापेक्षा बराच सौम्य. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी पर्यायांचा तांत्रिक तुलना-अहवाल तयार करायचा, एवढीच सक्ती त्यात उरली.

'धोरण' म्हणजे नेमकं काय असतं? कायदा की परिपत्रक?

दोन्ही असतं, आणि मधलंही बरंच काही. काही सरकारं आदेशच काढतात: व्हेनेझुएलाने २००४ मध्ये आणि इक्वाडोरने २००८ मध्ये केंद्रीय प्रशासनासाठी तसे हुकूम काढले. काही देश प्राधान्य देतात. काही फक्त तुलना सक्तीची करतात; इटलीच्या डिजिटल प्रशासन संहितेत खरेदीआधी मुक्त पर्याय आणि इतर खात्यांनी आधीच बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर तपासावं लागतं. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाने मंत्रालयांना परिपत्रक पाठवलं आणि २०१६ मध्ये 'डिजिटल प्रजासत्ताक' कायद्यात प्रोत्साहनाचं कलम आलं.

आणखी एक वेगळी जात आहे. तिचं म्हणणं असं: विकत काय घ्यायचं ते घ्या, पण सरकारच्या पैशातून नव्याने जे लिहून घ्याल त्याचा कोड खुला करा. त्याबद्दल पुढे.

भारताचं धोरण काय म्हणतं?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्याचा पर्याय ठरवणारं धोरण जाहीर केलं. सक्ती नाही. पण त्यात एक चांगली पाचर मारून ठेवली आहे: प्रस्ताव मागवताना विक्रेत्याला मुक्त पर्यायाचाही विचार करायला सांगायचं, आणि त्याने तो वगळला तर का वगळला हे लेखी सांगायला लावायचं. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करून एकत्र विकसित करण्याचं धोरणही आलं. त्याआधी २०१० मध्ये खुल्या मानकांचं, म्हणजे माहिती साठवण्याच्या आणि देवाणघेवाणीच्या सर्वांना खुल्या पद्धतींचं, धोरण झालं होतं. माझ्या मते या सगळ्यांत तेच जास्त दूरदृष्टीचं, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

मग 'प्राधान्य' लिहिलं की काम झालं?

इथेच घोडं अडतं. धोरण मंत्रालयात लिहिलं जातं आणि निविदा खात्यात. निविदा लिहिणाऱ्याकडे वेळ कमी असतो, म्हणून तो मागच्या वेळची निविदा उघडतो, तारखा बदलतो आणि पुढे पाठवतो. मागच्या निविदेत एखाद्या उत्पादनाचं नाव असेल तर ते तसंच पुढे जातं. नाव नसलं तरी अटींतून ते डोकावतं: अमुक फॉरमॅटमध्येच फाइल उघडली पाहिजे, तमुक डेटाबेसशीच जोडता आलं पाहिजे, विक्रेत्याची वार्षिक उलाढाल इतकी असलीच पाहिजे. शेवटची अट वरवर निरुपद्रवी दिसते. पण मुक्त सॉफ्टवेअरची सेवा देणाऱ्या कंपन्या सहसा लहान असतात. त्या दारातच बाद होतात आणि निविदेत 'मुक्त स्रोतास प्राधान्य' हे वाक्य आपल्या जागी शोभेला उरतं.

म्हणून एखाद्या देशाचं धोरण कसं आहे हे पाहायचं असेल तर धोरणाची प्रत बाजूला ठेवावी आणि त्या वर्षीच्या दहा निविदा वाचाव्यात. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराने तत्त्व आधीच सांगून ठेवलं आहे: तांत्रिक अटी कामगिरीच्या भाषेत लिहा, ब्रँडचं नाव टाळता येतच नसेल तर पुढे 'किंवा समतुल्य' असं जोडा. कॅनडात क्यूबेकच्या न्यायालयाने २०१० मध्ये याच धर्तीचा निकाल दिला. एका सरकारी संस्थेने निविदा न काढता थेट मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर घेतली होती, पर्याय आहेत का हे नीट न शोधताच. मुक्त सॉफ्टवेअर देणाऱ्या एका स्थानिक कंपनीने दाद मागितली आणि ती खरेदी बेकायदा ठरली.

निविदेत आणखी एक गोष्ट हवी, जी जवळपास कुणी लिहीत नाही: बाहेर पडण्याचा खर्च. पाच वर्षांनी हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर डेटा बाहेर काढायला किती पैसे आणि किती महिने लागतील? हा आकडा आजच्या किमतीत धरला की स्वस्त वाटणाऱ्या बऱ्याच बोली महाग दिसू लागतात.

ही इतर कंपन्यांवर अन्याय करणारी तरफदारी नाही का?

हा प्रश्न इटलीच्या घटनात्मक न्यायालयापुढेच गेला होता. पिडमाँट प्रांताने २००९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला झुकतं माप देणारा कायदा केला. केंद्र सरकारने तो स्पर्धेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा दावा केला. २०१० मध्ये न्यायालयाने तो दावा या मुद्द्यावर फेटाळला. तर्क सोपा आहे: 'मुक्त' हा कोणत्याही उत्पादनाचा किंवा तंत्रज्ञानाचा ब्रँड नाही, तो परवान्याचा कायदेशीर गुण आहे. कोणतीही कंपनी आपलं सॉफ्टवेअर त्या परवान्याखाली देऊ शकते. ग्राहकाने 'मला दुरुस्तीचा हक्क पाहिजे' असं म्हटलं तर ती कोणत्या दुकानदाराशी वैर धरण्याची गोष्ट होत नाही.

पैसे वाचतात का?

परवान्याचे वाचतात. बाकीचं अवलंबून आहे. माणसांना शिकवणं, जुन्या फाइली बदलणं, नवीन यंत्रणेची देखभाल या सगळ्याला पैसे लागतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत खर्च वाढलेलाही दिसू शकतो. जो सल्लागार पहिल्याच वर्षापासून बचत दाखवतो त्याच्याकडे जरा सावधपणे पाहावं. फरक पैसा कुठे जातो यात पडतो. परवान्याचं शुल्क दरवर्षी बाहेर जातं आणि मागे काही ठेवत नाही. प्रशिक्षण आणि देखभालीचा पैसा जवळच्या माणसांच्या हातातलं कसब वाढवतो.

म्युनिकने केलं आणि परत फिरले, असं ऐकलंय. म्हणजे हे जमत नाही ना?

म्युनिकची गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने अर्धी सांगतात, म्हणून जरा सविस्तर.

जर्मनीतल्या या शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे जायचं ठरवलं. त्या काळात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला म्युनिकला आले होते, एवढं हे प्रकरण तापलं होतं. शहराने लिनक्सचं स्वतःचं रूप 'लिमक्स' तयार केलं आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले. एक कोटी युरोहून अधिक वाचल्याचं शहर प्रशासनाने २०१२ मध्ये सांगितलं. मग महापौर बदलले. २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. २०२० मध्ये नव्या आघाडीने पुन्हा 'जनतेचा पैसा, जनतेचा कोड' हे सूत्र आपल्या करारात घातलं.

अडलं कुठे? कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. बाहेरून आलेल्या कागदपत्रांची मांडणी विस्कटायची, काही खास प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचे. पण शहराने नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालानेही बोट ठेवलं ते आयटी विभागांच्या विस्कळीत रचनेवर: जबाबदारी अनेकांकडे वाटलेली, आणि दुरुस्ती वेळेवर होत नव्हती. प्रिंटर बिघडला तरी दोष पेंग्विनच्या, म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हाच्या, माथी. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, राजकीय पाठिंबा एका माणसावर टांगलेला असेल तर तो माणूस गेला की धोरणही जातं. दुसरी, शेजारची सगळी कार्यालयं जुन्या फॉरमॅटमध्ये फाइली पाठवत असताना एकट्या शहराने बदलणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. ते जमतं, पण दमछाक होते.

मग जमलं कुणाला?

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलिस दलाला. त्यांनी घाई केली नाही, हेच त्यांचं कौशल्य. २००५ मध्ये आधी ऑफिस सॉफ्टवेअर बदलून ओपनऑफिस आणलं. पुढच्या वर्षी ब्राउझर आणि मेल. लोकांच्या बोटांना हे प्रोग्रॅम सरावल्यावर, २००८ पासून, खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारित 'जेंडबुंटू' आणली. वर दिसणारं सगळं तेच असल्यामुळे बदल फारसा जाणवला नाही. हळूहळू सत्तर हजारांहून अधिक संगणक त्यावर आले.

जर्मनीचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य सध्या त्याच वाटेवर आहे. २०२४ मध्ये त्यांनी सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर आणायचं जाहीर केलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ४० हजारांहून अधिक ईमेल खाती मुक्त प्रणालीवर हलवली. तिथेही तक्रारी आल्या आहेत. येणारच.

शाळांच्या बाबतीत केरळचं उदाहरण जुनं आणि भक्कम आहे. तिथल्या सरकारी शाळांत मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम रुजली, कारण शिक्षकांचं प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर झालं आणि पाठ्यपुस्तकंही त्यानुसार लिहिली गेली. नुसत्या सीडी वाटून ते झालं नसतं.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. सरकारी यंत्रणेला हे परवडेल?

कुलपाची रचना लपवून घर सुरक्षित होत नाही, किल्ली लपवून होतं. हे तत्त्व ऑगस्ट केरकॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लिपीबद्दल मांडलं होतं. खुल्या कोडमध्ये पासवर्ड किंवा नागरिकांचा डेटा नसतो, नसायलाच हवा.

पण 'हजार डोळे पाहतात म्हणून सुरक्षित' हेही भाबडेपणाचंच. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधली 'हार्टब्लीड' ही चूक उघड झाली तेव्हा कळलं की निम्मं इंटरनेट ज्यावर विसंबलं होतं तो कोड मोजकी माणसं तुटपुंज्या पैशात सांभाळत होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आणखी एका मुक्त सॉफ्टवेअरमधली 'लॉग४शेल' ही चूक उघड झाली. २०२४ च्या मार्चमध्ये तर एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. तो सापडला कसा, तर एका अभियंत्याला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून. कोड बंद असता तर त्याला ती चुटपुट पुरी करता आली नसती. पण सुरक्षा अशा योगायोगावर सोडून द्यायची नसते हेही तितकंच खरं.

काही सरकारांनी त्यातून बोध घेतला. हार्टब्लीडनंतर युरोपीय संघाने वापरातल्या मुक्त प्रोग्रॅमची तपासणी स्वतःच्या खर्चाने सुरू केली. पासवर्ड सांभाळणारं कीपास आणि अपाची वेब सर्व्हर यांची २०१६ मध्ये छाननी झाली. जर्मनीने २०२२ मध्ये पायाभूत मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना थेट पैसे देणारा 'सॉव्हरिन टेक फंड' उभारला. वापरायचं सगळ्यांनी आणि निगा राखायची कुणीतरी दुसऱ्याने, हा खाक्या सरकारला तरी शोभत नाही.

फाइल फॉरमॅटचा एवढा बाऊ कशाला?

कारण बेडी तिथे असते, प्रोग्रॅममध्ये नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये ठरवलं की सरकारी कागदपत्रं खुल्या फॉरमॅटमध्ये जपायची, आणि त्यावरून केवढं रामायण झालं. ओडीएफ हा ऑफिस दस्तऐवजांचा खुला फॉरमॅट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टने आपल्या फॉरमॅटसाठीही तीच मान्यता मिळवायला धाव घेतली आणि २००८ मध्ये ती मिळवली. त्याआधीच, २००७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने तोही आपल्या यादीत घेतला होता. ब्रिटनने २०१४ मध्ये हाच वाद शांतपणे सोडवला: बदल करायच्या दस्तऐवजांसाठी ओडीएफ, नुसते वाचायच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ किंवा वेबपान. कोणता प्रोग्रॅम वापरायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

धोरणासाठी एकाच गोष्टीपुरती राजकीय ताकद असेल, तर ती इथे खर्च करा.

सरकारने पैसे देऊन लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचं काय?

'जनतेचा पैसा असेल तर कोडही जनतेचा' ही मागणी युरोपातल्या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेने २०१७ मध्ये मोहीम म्हणून मांडली, पण काही देश त्याआधीच तिथे पोचले होते. बल्गेरियाने २०१६ मध्ये सरकारसाठी नव्याने लिहिलेला कोड खुला करणं कायद्याने बंधनकारक केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने नव्या कोडपैकी किमान २० टक्के खुला करण्याचा तीन वर्षांचा प्रयोग जाहीर केला. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून संघराज्याच्या खात्यांना कोड उघड करावाच लागतो. सुरक्षा किंवा दुसऱ्या कुणाचे हक्क आड येत असतील तरच सूट.

यातला खरा फायदा शेजाऱ्याला होतो. एस्टोनियाने सरकारी खात्यांत माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या 'एक्स-रोड' या यंत्रणेचा कोड २०१६ मध्ये खुला केला आणि आज फिनलंडसोबत ती एका सामाईक संस्थेमार्फत चालवली जाते. ऑस्लो विद्यापीठात वाढलेली 'डीएचआयएस२' ही आरोग्य माहिती प्रणाली कितीतरी देशांची आरोग्य खाती वापरतात. बंगळूरच्या आयआयआयटीमध्ये बनलेलं 'मोसिप' फिलिपिन्सच्या राष्ट्रीय ओळखपत्र व्यवस्थेत वापरलं जातं. एकच चाक प्रत्येक खात्याने नव्याने पैसे मोजून बनवायचं, ही आपल्या सवयीची पद्धत. ती मोडण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग.

फक्त वेबसाइटवर एकदाच झिप फाइल टाकून 'कोड खुला केला' असं म्हणू नये. बदलांचा इतिहास नाही, दुरुस्ती स्वीकारणारं कुणी नाही, तर त्याला कोडचं प्रेतदर्शन म्हणावं लागेल.

बिघडलं तर कुणाला धरायचं?

ज्याच्याशी देखभालीचा करार केला त्याला. बंद सॉफ्टवेअरचा परवाना कधी शेवटपर्यंत वाचा. निर्मात्याने जबाबदारी बहुतेक झटकलेलीच असते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निदान कंत्राटदार बदलता येतो, कारण कोड तुमच्या हातात असतो.

मुक्त म्हणजे स्वदेशी का?

नाही. स्वदेशी पण बंद सॉफ्टवेअर घेतलं तर कुलूप तेच राहतं, फक्त किल्लीवाला ओळखीचा होतो. परदेशी माणसांनी लिहिलेला मुक्त कोड मात्र तुम्ही उद्या स्वतः सांभाळू शकता. रशियाने देशी सॉफ्टवेअरची सूची करून सरकारी खरेदी तिकडे वळवली; ते वेगळं धोरण आहे, त्याला या गोष्टीत मिसळू नये.

आता सगळं क्लाउडवर चाललंय. मग याला अर्थ उरला का?

उरला, पण रूप बदललं. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर सॉफ्टवेअरचा कोड पाहायला मिळूनही उपयोग मर्यादित. करारात डेटा पूर्ण आणि वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याची, आणि तीच यंत्रणा दुसऱ्या सर्व्हरवर उभी करता येण्याची अट हवी. जुन्या धोरणांत हे कलम सहसा नसतं, कारण ती लिहिली तेव्हा संगणक टेबलाखाली असायचा.

आमच्या कार्यालयात एक जुनी एक्सेल फाइल आहे. दहा वर्षांचे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) तिच्यात आहेत, लिहिणारा निवृत्त झाला. तिचं काय?

प्रत्येक कार्यालयात अशी एक फाइल असते, आणि स्थलांतराचे आराखडे तिथेच फसतात. ती लिबरऑफिसमध्ये जशीच्या तशी चालेल ही आशा सोडा. आधी ती काय करते ते कागदावर लिहून काढा. निम्मे मॅक्रो कुणी वापरतच नाही असं बहुधा दिसेल. उरलेलं काम छोट्या वेब ॲप्लिकेशनमध्ये हलवा, खुल्या डेटाबेसवर. ते होईपर्यंत एका संगणकावर विंडोज राहू द्या. त्यात कमीपणा नाही. जाँदार्मरीनेही सगळं एका दिवसात बदललं नव्हतं. आणि निवृत्त झालेल्या त्या माणसाला फोन करून एक दिवस बोलवा, मानधन देऊन.